नऊच्या वर

१४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू खुशाल आहेस असं धरून चालते. बाबा बरे आहेत. डोळ्यांना अंधुक दिसतं, पण कान शाबूत आहेत. सकाळी सहाचं वाचन करून मी नदीवरून वर आले की आकडा आधी त्यांना सांगायचा आणि मग वहीत लिहायचा, हा शिरस्ता अजून चालू आहे. दोन मिनिटं उशीर झाला तर पाय घसरला का विचारतात.

माझं मात्र ठीक नाही. तब्येत ठणठणीत आहे, डोकं फिरलंय.

सोमवारी विभागीय कार्यालयाचा शिपाई एक छापील दाखला घेऊन आला. या ठिकाणी नदीची आजवरची सर्वोच्च पातळी नऊ मीटर असल्याचे प्रमाणित करण्यात येते, असा त्यातला मजकूर. खाली माझ्या सहीची जागा आणि शिक्क्यासाठी वर्तुळ. चौकशी केली तेव्हा कळलं की खालच्या कुरणात नवं कार्यालय बांधायचं ठरलंय. चार मजले. तळमजल्यावर लोकांना रांगेत उभं राहायला मोठं दालन, आणि तळघरात नऊ जिल्ह्यांचं दप्तर. पूररेषा नऊ मीटरवर आखून झाली आहे, कुरण तिच्या बाहेर पडतं. फक्त माझी सही अडलीय.

नऊ ही पाण्याची उंची नाही रे. नऊ ही आपल्या मोजपट्टीची उंची आहे. पुलाच्या तिसऱ्या खांबावरची पट्टी नवावर संपते, एवढाच त्याचा अर्थ. एकोणचाळीस वर्षांपूर्वी पाणी तिच्या वर गेलं. दोन दिवस पट्टी दिसत नव्हती. बाबांनी सकाळ-संध्याकाळचे चार रकाने रिकामे ठेवले आणि शेऱ्यात लिहिलं, पट्टी बुडाली. जे वाचलं नाही ते लिहायचं नाही, हा त्यांचा नियम तुला ठाऊक आहे. आता कोणीतरी ते चार रकाने ओलांडून पुढे गेलं, सगळ्यात मोठा आकडा शोधला आणि नऊ उचलले. माणूस मेला म्हणून हजेरीपटावर त्याला गैरहजर लावावं, तसली ही गोष्ट.

तू नकाशा विभागात आहेस. ही रेषा ओढणारा उंटावरचा शहाणा कोण ते शोध आणि मला कळव. त्याला एक पत्र लिहायचं आहे.

घरी दोघींना आशीर्वाद. कळावे. लोभ आहेच. राग तुझ्यावर नाही.

तुझी
ताई


२९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हातात घेतलं तर चटका बसला. हिला म्हटलं, यावर चहा गरम होईल. आम्ही तिघं मजेत आहोत. पोरीचे दात पडताहेत. बोलताना शिट्टी वाजते आणि तिला त्याचा अभिमान आहे.

ताई, तुझी नोकरीची तीन वर्षं राहिली. घर सरकारी आहे. दाखल्यावर सही केली नाहीस तर ते घरावरच बोट ठेवतील, आणि बाबांना या वयात दुसऱ्या जागेत नेणं म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. दाखल्यात नऊ मीटर लिहिलंय आणि नोंदवहीतही नऊ मीटरच आहे. तू खोटं काही लिहीत नाहीस. वहीत आहे तेवढंच सांगतेस. इमारत बांधणारे लोक मूर्ख नसतात, ते आपल्या हिशेबाने थोडी उंची जास्त धरतातच. आणि एकोणचाळीस वर्षांत पाणी पुन्हा कधी सातच्या वर आलं का, हाही विचार कर.

रेषा कोणी ओढली हे शोधून काय करणार? इथे एका नकाशावर दहा हात फिरतात. एकाचं नाव घेणं बरं नव्हे.

पोरीला सुट्टी लागली की आम्ही येऊ म्हणतो. तोवर डोकं शांत ठेव. नदीपेक्षा तुझीच पातळी जास्त चढते, असं बाबा म्हणायचे ते उगीच नाही.

ती. बाबांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे, त्यात भरती-ओहोटी नको.

तुझा
धाकटा


८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात माझी नोकरी आहे, माझं घर आहे, पोरीचे दात आहेत. माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. आम्ही कचेरीच्या गावात राहतो. कागदावर काय लिहिलंय याच्या आधी काय लिहिलेलं नाही ते आम्हाला दिसतं.

काल कार्यालयात गेले. सध्या सगळं जुन्याच इमारतीत कोंबलेलं आहे. फाटकाबाहेर नेहमीची जत्रा. झेरॉक्सवाले, टंकलेखक, भिंतीला पांढरा कपडा लावून फोटो काढणारा. लोक पहाटेच्या बसने लांबून येतात, नदीवर तोंड धुतात, ओल्या हाताने प्लास्टिकच्या पिशवीतले कागद पुन्हा एकदा तपासतात आणि रांगेला लागतात. हीच माणसं उद्या त्या कुरणातल्या दालनात उभी राहणार. म्हाताऱ्या बायका, काठीवाले, कडेवर पोर घेतलेल्या.

माझं काम वरिष्ठ कारकुनाकडे होतं. गावात सगळे त्याला उद्यासाहेब म्हणतात, कारण दुसरा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. मी शेऱ्याचा रकाना दाखवला. तो म्हणाला की शेरा हा आकडा नसतो. मी म्हटलं, पाणी वर होतं म्हणूनच आकडा नाही. त्यावर त्याने मला समजावलं की आकडा नाही याचा अर्थ सरकारच्या दृष्टीने पाणी नाही. तेही अगदी मायेने, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला विचारलं की साहेब कधी नदीपर्यंत खाली उतरलेत का. त्याला गुडघ्याचा त्रास आहे म्हणे.

घरी येऊन बाबांना म्हटलं की आता तुम्हीच सांगा, पाणी कुठवर होतं. ते म्हणाले, मी वाचलं नाही. मी म्हटलं, अंदाज सांगा. अंदाज लोकांनी सांगावा, मोजणाऱ्याने सांगू नये, असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. भर दुपारी. मला त्यांचाही राग आला, हे तुलाच सांगते.

पण एक गोष्ट आहे. ते दोन दिवस आपण चौघं जुन्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतो. आई दप्तराच्या गठ्ठ्यांवर निजली होती. बाबा आणि दोन शिपाई खालचे गठ्ठे वर आणत होते. तू आणि मी जिन्यावर बसून कोरड्या पायऱ्या मोजत होतो. एकूण बावीस पायऱ्या. पाणी सगळ्यात वर आलं तेव्हा मला नऊ कोरड्या आठवतात. तुला किती आठवतात? पायरी पक्की झाली तर तिथून पट्टीपर्यंत उंची मोजता येईल. पण घाई आहे. जुनी इमारत वीस मार्चपासून पाडणार आहेत, नवी होईपर्यंत कचेरी पत्र्याच्या शेडांत भरणार.

आणि पुन्हा विचारते. रेषा कोणी ओढली?

लोभाचं काय ते तुझ्या उत्तरावर.

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रेषा मी ओढली.

आठ दिवस हे वाक्य लिहून फाडत होतो. आता लिहिलं. नऊ जिल्ह्यांतल्या एकेचाळीस गावांच्या पूररेषा मला चार महिन्यांत द्यायच्या होत्या. आकडेवारी विभागाकडून टाइप केलेला तक्ता आला. एकीकडे गाव, दुसरीकडे सर्वोच्च पातळी. शेऱ्याचा रकाना तक्त्यात नव्हताच. आपल्या गावापुढे नऊ होते. मला आठवलं नाही असं खोटं सांगणार नाही. पेन्सिल थांबली. मग वाटलं, एका गावासाठी तक्ता परत पाठवला तर सगळं काम महिनाभर मागे पडेल. वरचे विचारतील, तुम्हाला कसं माहीत? काय सांगू? सात वर्षांचा असताना पायऱ्या मोजल्या होत्या म्हणून? मी पेन्सिल पुढे नेली. कुरणाच्या कडेने. तिथे रेषा जरा वळते. ते वळण चांगलं आलं असं त्या वेळी वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

तू हवं ते म्हण. पण मलाही एक म्हणायचं आहे. बाबांनी त्या दिवशी एक आकडा लिहिला असता तर? दहा, अकरा, साधारण, सुमारे, काहीही. एका शब्दाने ती रेषा वर गेली असती. आयुष्यभर आपण त्या चार रिकाम्या रकान्यांचं कौतुक ऐकलं. पाहुणा आला की वही निघायची. तो खरेपणा होता की मिरवणं होतं? रिकामी जागा ठेवणाऱ्याला एवढं कळायला हवं होतं की पुढे ती दुसरं कोणीतरी भरणार. या वेळी तो दुसरा मी निघालो.

मला अकरा कोरड्या पायऱ्या आठवतात. पण मी लहान होतो आणि मला फार भूक लागली होती.

हे पत्र बाबांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.

धाकटा


४ मार्च

धाकट्यास,

आशीर्वादाची अक्षरं मुद्दाम गाळली आहेत. चुकून राहिली असं समजू नकोस.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. सगळं. मिरवणं हा शब्दसुद्धा. मी म्हणणार होते की तुला लाज वाटायला हवी. एकवीस वर्षं मी रोज दोनदा नदीच्या पायऱ्या उतरते. लाटा असल्या तर तीन उंच आणि तीन खोल वाचून मधला आकडा काढते. कशासाठी? तर राजधानीत खुर्चीवर बसून माझ्याच भावाने वळण चांगलं आलं म्हणावं म्हणून. कुंपणच शेत खातं असं ऐकलं होतं. आपल्या घरचं कुंपण असेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं वाचन ऐकल्यावर बाबांनी बूट मागितले. मी हात धरून जुन्या कार्यालयात नेलं. जिन्यावर रांग होती. लोकांनी म्हाताऱ्याला वाट दिली. एक जण मात्र ओरडला की नंबराने या. बाबा त्याला म्हणाले की माझा नंबर एकोणचाळीस वर्षांपूर्वी लागलाय.

ते पायऱ्या मोजत बसले नाहीत. कठड्याच्या गजांवरून हात फिरवत वर चढले आणि एका गजाशी थांबले. पाणी सगळ्यात वर होतं तेव्हा आपल्याला सोडवायला होडी जिन्यात शिरली होती, आठवतं? ती बाबांनीच कठड्याला बांधली होती. तो गज खालून वाकलेला आहे. होडीच्या ओढीने वाकला तो. बाबांनी एक पाय हवेत धरला, मग शेजारच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले की होडी बांधून तिच्यातून परत इथे पाय टाकला तेव्हा मला चढावं लागलं नाही, उतरावंही लागलं नाही. होडीची कड पाण्यापासून एक वीत वर होती. म्हणजे पाणी या पायरीच्या एक वीत खाली.

वरून कोरड्या पायऱ्या दहा भरल्या. ना तुझ्या, ना माझ्या.

बाजारातला गवंडी बोलावला. तो पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने उंची एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतो, पाया आखताना नेतात तशी. जिन्यापासून पुलापर्यंत सात टप्पे झाले. प्रत्येक टप्प्याला बाबांनी नळीतलं पाणी स्थिर होईपर्यंत त्याला हलू दिलं नाही. गवंडी म्हणाला की आजोबा, मी घरं बांधतो, घड्याळं नाही. शेवटी आकडा आला, अकरा मीटर वीस सेंटिमीटर. नव्या इमारतीचा तळमजला नऊ-तीसवर आहे. म्हणजे त्या दालनात एक मीटर नव्वद पाणी. तुझी उंची किती रे?

बाबांनी वहीतल्या त्या रकान्यांना हात लावू दिला नाही. वेगळ्या कागदावर सांगून लिहून घेतलं. हे वाचन नव्हे, ही साक्ष आहे, पाणी ११.२०, एक वीत इकडे किंवा तिकडे. खाली सही केली. मी केली, गवंड्याने केली. मग बाबा म्हणाले की धाकट्याचं बरोबर आहे, तेव्हाच वेगळा कागद लिहून ठेवायला हवा होता. माझं काम पट्टीपाशी संपलं असं मी धरून चाललो. एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

तुला क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. साक्षीची प्रत सोबत आहे. माझा दाखला मी सही न करता परत केला. आता तुझ्या हातातल्या पेन्सिलीचं काय ते तू बघ.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साक्ष मिळाली. मी त्या मापाने नवा नकाशा काढला. नऊची रेषा काळी ठेवली आणि अकरा-वीसची तुटक, तांबडी. ती कुरण गिळून, फोटोवाल्यांच्या गल्लीतून वर बाजारापर्यंत जाते. आधीच्या नकाशावरची माझी सही मी मागे घेत आहे आणि पुराच्या वेळी मी स्वतः तिथे हजर होतो, असं टिपण लिहून दोन्ही गोष्टी साहेबांपुढे ठेवल्या.

साहेबांनी साक्ष वाचली. साक्ष देणारा कोण, तर माझे वडील. दुसरी सही कोणाची, तर माझ्या बहिणीची. टिपण कोणाचं, तर माझं. त्यांनी चष्मा काढून विचारलं की हा सरकारी पूर आहे की तुमचा घरगुती. सगळी खोली हसली. मीही हसलो, सवयीने. तो राग माझा अजून गेलेला नाही.

पुढचं थोडक्यात. माझा जुना नकाशाच कायम झाला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने माझ्या सहीवर पांढरा रंग लावून आपली सही केली. त्यानेही तक्त्यापलीकडे काही पाहिलं नाही आणि मला त्याला बोलायचा अधिकार नाही. माझी बदली झाली. कुठे, तर तुमच्या गावी. नव्या इमारतीत, दप्तरदार म्हणून, तळघरात. इमारत तयार झाली की हजर व्हायचं. साहेब म्हणाले, आता रोज जाऊन पाणी बघा.

पाचव्या दिवशी ही म्हणाली की एवढं करायचंच होतं तर आधी करायचं, आपण तरी इथे राहिलो असतो. याचं उत्तर तुझ्याकडे असलं तरी पाठवू नकोस.

बाबांना नमस्कार सांग. त्यांनी घेतला की नाही तेवढं कळव.

धाकटा


११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

बघ, चि. परत आलं. आशीर्वाद वाटेत आहेत. बाबांनी नमस्कार घेतला.

इमारत झाली. आतून सगळी गुळगुळीत, बाहेरून काच. जुनी पाडली. जिना एका दिवसात गेला. तो वाकलेला गज मी मागितला तर भंगाराच्या वजनात धरलाय म्हणाले.

माझ्या सहीशिवाय हे झालं कसं, ते ऐक. परवा गवंड्याकडून कळलं. मे महिन्यात मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. सकाळी सहाचं वाचन करून निघाले, संध्याकाळच्या सहाच्या आत परत. रजासुद्धा लागली नाही. तर त्या मधल्या बारा तासांसाठी कार्यालयाने उद्यासाहेबाला नदीचा प्रभारी नेमलं. दुपारी एक वाजता त्याने दाखल्यावर सही केली, वेगळा शिक्का करवून ठोकला आणि पाचला प्रभार सोडला. जन्मात पहिल्यांदा त्याने आजचं काम आज केलं. नदीपर्यंत तेव्हाही उतरला नाही.

मी जाऊन त्याच्या टेबलावर वही आपटली. तो म्हणाला की बाई, तुमच्या नोंदीला कोणी हात लावलेला नाही, ती तशीच आहे. तशीच आहे! मी त्याला म्हटलं की नऊ जिल्ह्यांतल्या माणसांना पाण्यात उभं करून तुम्हाला झोप लागते कशी. त्याने खरंच विचार केला, आणि मग म्हणाला की दुपारीच जास्त लागते.

मला घर सोडायची नोटीस आली आहे. अंमल झालेला नाही, कारण थंडीत पहाटे उठून पाण्यापर्यंत जाणारं दुसरं कोणी त्यांना सापडत नाही. सरकारला सगळं जमतं, तेवढं जमत नाही.

तू येशील तेव्हा काय करशील ते मला माहीत नाही. तळघराला खिडकी नाही, एवढं मात्र पाहून ठेवलंय.

लोभाचं खातं बंद केलेलं नाही.

ताई


१७ फेब्रुवारी
(शिपायाच्या हाती)

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून पत्र लिहितोय, हसू नकोस. सहा दिवस झाले मला येऊन. शासकीय विश्रामगृहात उतरलो आहे. दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेलो. रिकाम्या हाताने बाबांपुढे उभं राहवेना.

आज हात रिकामे नाहीत. दप्तर नव्या जागेत हलवायचं तर दप्तरदाराने जागेचा चार्ज घ्यावा लागतो. त्याचा छापील कागद असतो. त्यात कुलपं किती, कपाटं किती, दिवे किती आणि खोलीची स्थिती कशी, असे रकाने असतात. घेणाऱ्याने सही केल्याशिवाय एक कागद आत जाऊ शकत नाही. आणि दप्तर आत गेल्याशिवाय कार्यालय तिथे भरलं असं कायद्याने धरत नाहीत. सोमवारी उद्घाटन आहे. राजधानीतल्या माझ्या साहेबांना हा नियम आठवला नाही, नाहीतर त्यांनी मला दुसरीकडे कुठेतरी गाडलं असतं.

स्थितीच्या रकान्यात मी लिहिलं, पूरपातळीच्या खाली. पाणी ११.२०. साक्ष जोडली आहे. दप्तर आणि रांग दोन्ही वरच्या मजल्यावर नेल्याशिवाय चार्ज घेत नाही. त्यावर आवक क्रमांक पडला. आता तो कागद फाडता येत नाही. माझी बदली केली तर पुढच्याला माझ्या ओळीखालीच सही करावी लागेल, आणि असली ओळ वर असताना सही करणारा मूर्ख या नऊ जिल्ह्यांत नाही. उद्यासाहेब आजपासून आजारी आहे.

विभागाचे मोठे साहेब तासभर ओरडत होते. मी उभा होतो. शेवटी त्यांनी एकच खोच काढली. पाण्याच्या पातळीबद्दल दप्तरदाराला लिहायचा अधिकार नाही, पातळी नोंदणाऱ्याची सही आणि शिक्का असल्याशिवाय तो मजकूर रद्द समजला जाईल. उद्या सकाळी अकरापर्यंत मुदत दिली आहे. नियम त्यांचा बरोबर आहे.

तू आलीस तर ती नोटीस लगेच अमलात येईल. घर जाईल, बहुतेक नोकरीही. मी भाड्याने दोन खोल्या बघितल्या आहेत. जरा अंधाऱ्या आहेत, पण उंचावर आहेत. पूर्वी तुला सही कर म्हणालो होतो तेव्हा तुझं घर वाचवायला म्हणालो होतो. आता घर घालवायला सही कर म्हणतोय. नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. राग धरायचा हक्क मी गेल्या वर्षीच वापरून संपवला.

लोभ असेल तितकाच घेईन, मागणार नाही.

तुझा
धाकटा


१७ फेब्रुवारी
(त्याच शिपायाच्या हाती, त्याला थांबवून)

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. पूर्ण अक्षरांत.

अकराला कशाला? सहाचं वाचन आटोपलं की सात वाजताच फाटकावर येते. शिक्का घेतलाय, शाईची डबीही घेतलीय, त्यांची वाळलेली असते. बाबाही येतायत. मी नको म्हटलं तर म्हणाले की साक्षीदाराला घरी ठेवून साक्ष कोणी नेत नाही.

त्या खोल्यांची किल्ली आजच घेऊन ठेव. आणि आत्ता शिपायाबरोबर इकडे ये. सामान बांधायला मला दोन हात कमी पडताहेत.

ताई